गोल तंबूला घराचा परवाना: युर्तमध्ये काय बदलावे आणि काय राहू द्यावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्य आशियाई पद्धतीने घडवलेला सहा मीटर व्यासाचा युर्त तुम्ही घेतला आहे. त्याला लाकडी पट्ट्यांची जाळीदार भिंत आहे, वासे आहेत, माथ्यावर लाकडी कडे आहे आणि सभोवती नमद्याचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे, थर आहेत. त्यात तुम्हाला वर्षभर, कायमचे राहायचे आहे. तुमच्या भागात आयआरसी ही अमेरिकी आदर्श निवासी संहिता लागू आहे आणि परवाना कार्यालयाने ‘ही रचना निवासी इमारतीच्या व्याख्येत बसत नाही’ असे लिहून अर्ज परत पाठवला आहे. आता काय काय बदलावे लागेल, आणि इतके बदलल्यावर नमदा व कडे तरी टिकेल का, असे तुम्ही विचारले आहे.

अशा रचनांची आकडेमोड आणि नकाशे करण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. माझ्या मते खरी अडचण युर्त कमकुवत असण्याची नाही. मंगोलियातील गेर (युर्तचे तेथील रूप) किंवा किर्गीझ आणि कझाख लोकांचे युर्त गवताळ मैदानांवरच्या वाऱ्यात आणि कडाक्याच्या थंडीत शतकानुशतके उभे राहिले आहेत. मात्र तेथे राहणारा माणूस हा त्या रचनेचाच एक भाग असतो. बर्फ साचला की तो छतावरून पाडतो, पट्टे सैल पडले की आवळतो, नमदा ओला झाला की वाळवतो, आणि वादळ आले की कड्यापासून लोंबणारा दोर ओढून धरतो किंवा त्याला वजन बांधतो. याउलट बांधकाम संहिता असे गृहीत धरते की घरात कोणीही नाही, किंवा असलेला माणूस गाढ झोपेत आहे. त्यामुळे तो माणूस जी कामे करत होता, ती कामे रचनेनेच करावीत अशी व्यवस्था करणे आणि ती कागदावर सिद्ध करणे, एवढाच तुमचा प्रश्न आहे. या दृष्टीने पाहिले तर बदलांची यादी बरीच लहान होते.

पहिला टप्पा मात्र कागदाचा आहे आणि तो पूर्णपणे तुमच्या स्थानिक परिस्थितीवर अवलंबून आहे. आयआरसी आणि सर्वसाधारण इमारतींसाठीची आयबीसी या आदर्श संहिता आहेत. त्यांची कोणती आवृत्ती, कोणत्या दुरुस्त्यांसह आणि कोणत्या परिशिष्टांसह लागू आहे, हे त्या त्या ठिकाणचे प्रशासन ठरवते. आयबीसीमध्ये कापडी आवरणाच्या रचनांसाठी वेगळे कलम आहे आणि १८० दिवस ही त्यातील महत्त्वाची सीमा आहे. त्याहून कमी काळ उभी राहणारी रचना तात्पुरती मानली जाऊन अग्निसुरक्षेच्या नियमांखाली येते. त्याहून अधिक काळ उभ्या राहणाऱ्या रचनेला इमारतीचे निकष लागतात. दुसरा मार्ग म्हणजे आयआरसीमधील पर्यायी साहित्य आणि पर्यायी बांधकाम पद्धतींचे कलम. संहितेत वर्णन नसलेली पद्धत ताकद, अग्निसुरक्षा, टिकाऊपणा आणि सुरक्षितता यांत संहितेच्या अपेक्षेइतकी चांगली आहे असे दाखवता आले, तर अधिकारी ती मान्य करू शकतो. कायमच्या निवासासाठी मी नेहमी याच कलमाखाली अर्ज करण्याचा सल्ला देतो. ‘हा तंबू आहे, म्हणून सवलत द्या’ असे म्हणणारा अर्ज आणि ‘हे घर आहे, त्याची आकडेमोड सोबत जोडली आहे’ असे म्हणणारा अर्ज, या दोहोंकडे पाहण्याची अधिकाऱ्याची नजर अगदी वेगळी असते. आणखी एक गोष्ट विचारून घ्या. २०१८ च्या आवृत्तीपासून आयआरसीमध्ये लहान घरांसाठी एक परिशिष्ट आहे आणि ते ३७ चौरस मीटरपर्यंतच्या घरांना लागू होते. तुमच्या युर्तचे क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस मीटर आहे. ते परिशिष्ट तुमच्याकडे स्वीकारलेले असेल, तर उंचीच्या बाबतीत थोडी सवलत मिळते.

आता रचनेकडे वळतो, कारण अर्ज अडतात ते बहुधा येथेच. युर्तचे छत हे शंकूच्या आकाराचे असते. बर्फाचे वजन आले की प्रत्येक वासा वरच्या टोकाने कड्याला आत दाबतो आणि खालच्या टोकाने भिंतीला बाहेर रेटतो. माथ्याच्या कड्यात दाब निर्माण होतो आणि भिंतीच्या वरच्या कडेशी बांधलेल्या पट्ट्यात ताण. भिंतीची जाळी हा रेटा अडवू शकत नाही. तो अडवतो फक्त पट्टा. म्हणून युर्तमध्ये तुळई कोणती असे मला कोणी विचारले, तर मी त्या पट्ट्याकडे बोट दाखवतो. पारंपरिक पट्टा लोकरीचा किंवा केसांचा विणलेला असतो, ओलाव्याने आणि काळाने तो सैल होतो आणि त्याची ताकद आकड्यात सांगता येत नाही. त्याच्या जागी, किंवा त्याच्याखाली लपवून, पोलादी केबल घालणे हा सगळ्यांत महत्त्वाचा एकटा बदल आहे.

त्या केबलमधील ताणाचा अंदाज घेणे अवघड नाही. मधला खांब नाही, वासे दोन्ही टोकांना बिजागरीसारखे फिरू शकतात आणि भार सगळीकडे सारखा आहे असे मानले, तर ताण = भार × त्रिज्येचा घन ÷ (६ × छताची उंची) असे सोपे सूत्र निघते. येथे छताची उंची म्हणजे भिंतीच्या माथ्यापासून शंकूच्या शिखरापर्यंतचे उभे अंतर. दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो बर्फ धरा. त्रिज्या ३ मीटर आणि छताचा उतार ३० अंश असेल, तर ताण सुमारे ५.२ किलोन्यूटन येतो, म्हणजे साधारण अर्धा टन. हाच उतार २० अंशांचा केला, तर तो ८.२ किलोन्यूटन होतो. उतार ३० अंशांचाच ठेवून व्यास नऊ मीटर केला, तर ११.७ किलोन्यूटन. यातून दोन गोष्टी कळतात. उताराचे काही अंश कमी-जास्त होणे म्हणजे केवळ दिसण्यातला फरक नव्हे. आणि मोठा युर्त हा लहान युर्तची मोठी प्रत नसतो, कारण उतार तोच ठेवला तरी ताण त्रिज्येच्या वर्गाच्या पटीत वाढतो. हे आकडे केवळ अंदाजाचे आहेत. त्यात सुरक्षा गुणक किंवा छताचे स्वतःचे वजन धरलेले नाही. परवान्यासाठीची आकडेमोड तुमच्या भागातील बर्फ आणि वाऱ्याचे अधिकृत भार घेऊन, नोंदणीकृत अभियंत्याकडूनच करून घ्या. पण सहा मीटरच्या युर्तसाठी ही केबल बोटाएवढीही जाड लागत नाही, हे आधी कळले की धीर येतो. केबलला टर्नबकल, म्हणजे फिरवून केबल आवळण्याचा पेच, बसवा आणि तो हात पोहोचेल अशा जागी ठेवा, कारण लाकूड सुकते, आकसते आणि पहिल्या हिवाळ्यानंतर केबल जवळजवळ नेहमीच पुन्हा आवळावी लागते.

सारखा पसरलेला बर्फ हा खरे तर सोपा भार आहे. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एका युर्तची मी अशीच, सगळीकडे समान भार धरून आकडेमोड केली होती. तो एका उंच कोठाराच्या आडोशाला उभा होता. वाऱ्याने कोठाराच्या छतावरचा बर्फ उडवून युर्तच्या एकाच बाजूवर आणून टाकला. मालक आठवडाभर बाहेरगावी होते. परतल्यावर त्यांना कडे एका बाजूला वीतभर झुकलेले आणि तीन वासे तडकलेले दिसले. सुदैवाने आत कोणी नव्हते. तेथे कोणी राहत असते, तर पहिल्याच रात्री त्याने बर्फ पाडला असता. मी ते माणसाचे काम रचनेकडे सोपवले नव्हते, ही माझी चूक होती. तेव्हापासून एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी अशा असमान भाराची आकडेमोड मी आधी करतो. अशा भाराखाली वासे वाकतात, कडे पिळले जाते आणि केवळ केबल पुरत नाही. उपाय दोन आहेत: वासे जाड करणे, किंवा कड्याखाली खांब देणे. मंगोलियन गेरमध्ये कड्याखाली दोन खांब असतातच, त्यामुळे हा उपाय परंपरेबाहेरचाही नाही. आणखी एक सोपा उपाय म्हणजे उंच इमारतीच्या आडोशाला युर्त उभाच न करणे.

बर्फाचे उभे वजन खाली कसे उतरते, हाही प्रश्न आहे. वरच्या उदाहरणातला एकूण भार साडेपाच टनांहून अधिक भरतो आणि तो बारीक पट्ट्यांच्या जाळीवर येतो. जाळी पसरू पाहते, वाकते, आणि तिच्या छेदबिंदूंवरच्या चामड्याच्या गाठी ओल्या झाल्या की सैल पडतात. म्हणून जास्त बर्फाच्या प्रदेशात प्रत्येक वाशाखाली, जाळीच्या आतून, एक उभी खुंटी देतात. मग वजन खुंट्या घेतात आणि जाळी भिंतीला तिरका आधार देण्याचे काम करत राहते. आतून पाहणाऱ्याला जाळी तशीच दिसते.

वाऱ्याचा प्रश्न याच्या नेमका उलटा आहे. युर्त गोल असल्याने वारा त्याला वळसा घालून जातो हे खरे, पण छतावर उचलणारा जोर येतोच आणि युर्त वजनाने हलका असतो. ताशी १४४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ४० मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ०.९८ किलोन्यूटन असतो. त्याच्या सहा दशांश इतका जोर छताला वर ओढतो असे अंदाजासाठी धरले, तर तुमच्या २८ चौरस मीटरच्या छतावर सुमारे १.७ टनांची उचल येते. येथे अधिकाऱ्याला एकच गोष्ट पाहायची असते: हा जोर कड्यापासून जमिनीपर्यंत कोठेही न तुटता उतरतो का. कडे आणि वासा, वासा आणि केबल, केबल आणि खुंटी, खुंटी आणि चौथऱ्याची तुळई, तुळई आणि पाया, या प्रत्येक जोडावर धातूची पट्टी किंवा बोल्ट दाखवा. वासा कड्याच्या खाचेत नुसता खोचलेला असेल, तर तो दाबात उत्तम काम करतो, पण उचलीत निसटतो. पाया तुमच्या भागात जमीन जितकी खोल गोठते त्याहून खाली न्यावा लागतो. भूकंपाची चिंता मला युर्तच्या बाबतीत सहसा कमी वाटते. रचना हलकी असल्याने वाराच निर्णायक ठरतो.

आता उंची आणि दार. येथे लोक विनाकारण खर्च करतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आयआरसी राहण्याच्या खोलीला २.१३ मीटर उंची मागते आणि पारंपरिक युर्तची भिंत दीड मीटरच्या आसपास असते. हे वाचून पुष्कळ जण पहिल्याच दिवशी भिंत उंच करायला निघतात. पण उतरत्या छताच्या खोलीसाठीचा नियम वेगळा आहे: आवश्यक क्षेत्रफळाच्या निम्म्या भागात २.१३ मीटर उंची हवी आणि त्या आवश्यक क्षेत्रफळात कोठेही १.५२ मीटरपेक्षा कमी उंची नको. येथे ‘आवश्यक क्षेत्रफळ’ म्हणजे संपूर्ण जमीन नव्हे, तर खोलीसाठी सांगितलेले किमान ६.५ चौरस मीटर. तुमची भिंत १.५ मीटर आणि उतार ३० अंश धरला, तर भिंतीपासून १.०९ मीटर आत आल्यावर उंची २.१३ मीटर होते आणि त्या उंचीखाली साडेअकरा चौरस मीटरची जागा मिळते. म्हणजे संहितेच्या या अटीत तुमचा युर्त आहे तसाच बसतो. एवढे एक काटछेदाचे चित्र काढून दाखवा.

भिंत उंच करणे भाग पाडते ते दार. बाहेर पडण्याच्या मुख्य दाराची मोकळी उंची १.९८ मीटर आणि मोकळी रुंदी ८१ सेंटीमीटर हवी. पारंपरिक दार भिंतीइतकेच बुटके असते आणि त्यामागे कारण आहे: पट्टा दाराच्या चौकटीच्या माथ्यावरून जातो आणि वर्तुळ पूर्ण होते. दार उंच केले आणि भिंत तशीच ठेवली, तर केबलचे वर्तुळ दारापाशी खंडित होते. मग तो अर्ध्या टनाचा ताण चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या खांबांना वाकवत राहतो. हे जड पोलादी चौकट घालून सोडवता येते, पण मला तो मार्ग आवडत नाही. त्यापेक्षा संपूर्ण भिंत दोन मीटरहून थोडी अधिक उंच करावी आणि केबल दाराच्या वरून अखंड न्यावी. आधुनिक युर्त बनवणारे बहुतेक जण हेच करतात. तुमची जाळी बदलायची नसेल, तर तिच्याखाली साठ सेंटीमीटर उंचीचे भरीव जोते बांधा आणि खुंट्या त्या जोत्यातून खाली चौथऱ्यापर्यंत न्या. जोत्याला चौथऱ्याशी घट्ट जखडणे विसरू नका, नाहीतर वाऱ्यात सगळी भिंत त्या सांध्यावर घसरेल.

झोपण्याच्या खोलीतून आपत्कालीन सुटकेसाठी उघडता येणारी जागा लागते. खिडकी असेल, तर तिची मोकळी जागा साधारणपणे ०.५३ चौरस मीटर, किमान उंची ६१ सेंटीमीटर आणि किमान रुंदी ५१ सेंटीमीटर असावी. युर्त एकच अखंड खोली ठेवली, तर थेट अंगणात उघडणारे दारच ही गरज भागवू शकते. आत आडभिंत घालून वेगळी झोपण्याची खोली केली, की तिला स्वतःची वाट द्यावी लागते. त्यासाठी जाळी कापण्याची वेळ आलीच, तर कापलेल्या जागेभोवती खालपासून वरपर्यंत पूर्ण चौकट द्या आणि केबलला अजिबात धक्का लावू नका. माझा अनुभव असा की खिडकी बसवण्यापेक्षा समोरच्या बाजूला दुसरे दार देणे रचनेला अधिक मानवते.

आगीबद्दल. लोकर सहजासहजी पेटत नाही. तिचे प्रज्वलन तापमान ५७० ते ६०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. पण बाहेरचे सुती कापड तसे नसते. बाहेरच्या कापडाने एनएफपीए ७०१ ही ज्वालाप्रसार चाचणी उत्तीर्ण केल्याचे प्रमाणपत्र उत्पादकाकडून मागून घ्या आणि अर्जाला जोडा. प्रमाणपत्र नसलेल्या कापडावर अग्निरोधक द्रावण फवारण्यावर मी विसंबत नाही, कारण पावसाने बरीच द्रावणे धुऊन जातात. लाकडाची चूल ठेवायची असेल, तर अप्रमाणित चुलीपासून पेट घेऊ शकणारी प्रत्येक वस्तू सुमारे ९१ सेंटीमीटर दूर ठेवण्याचा नियम आहे. चूल मध्यभागी ठेवण्याच्या परंपरेमुळे भिंतीपासूनचे अंतर आपोआप मिळते, मात्र धुराडे लाकडी कड्यातून जाते आणि धोका नेमका तेथेच असतो. कड्याच्या पातळीपासून वर प्रमाणित, दुहेरी भिंतीचे धुराडे वापरा आणि त्याच्या उत्पादकाने सांगितलेले अंतर, जे बहुधा पाच सेंटीमीटर असते, काटेकोरपणे पाळा. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारी दोन्ही यंत्रे बसवा. बंदिस्त, नीट सांधलेल्या युर्तमध्ये हवा पूर्वीइतकी खेळत नाही, म्हणून चुलीला बाहेरून हवा पुरवणारी स्वतंत्र नळी मी नेहमी मागतो.

ऊर्जा संवर्धनाच्या अटी हा तुमच्या नमद्यासाठी सर्वांत कठीण भाग आहे. नमद्याची उष्णतावाहकता दर मीटर-केल्विनला सुमारे ०.०४ वॉट असते, म्हणजे तो उत्तम उष्णतारोधक आहे. पण एक सेंटीमीटरचे दोन थर मिळून उष्णतारोध (चौरस मीटर-केल्विन प्रति वॉट या एककात) ०.५ होतो आणि थंड प्रदेशात लाकडी भिंतीकडून ३.५ च्या आसपास अपेक्षा असते. तेवढे केवळ नमद्याने साधायचे, तर १४ सेंटीमीटर जाडी लागते. चकचकीत बुडबुड्यांच्या चादरी विकणारे मोठे आकडे सांगतात. त्या आकड्यांना चादरीसमोर स्थिर हवेची पोकळी गृहीत असते आणि जाळीला चिकटून बसवलेल्या चादरीला ती मिळत नाही. त्यामुळे मी अशा चादरी आकडेमोडीत धरत नाही. व्यवहार्य मार्ग म्हणजे संपूर्ण घराचा मिळून उष्णतेचा हिशेब देणे: लाकडी चौथऱ्याच्या पोटात आणि छतात भरपूर लोकर भरा आणि भिंतीची थोडी उणीव तेथून भरून काढा. अधिकारी हा हिशेब मान्य करतील का, हे लागू आवृत्तीवर अवलंबून आहे.

जाडी वाढवली की बाष्पाचा प्रश्न येतो. पारंपरिक नमदा श्वास घेतो आणि भटके लोक स्थलांतराच्या वेळी तो उतरवून उन्हात वाळवतात. तुमचा युर्त उतरवला जाणार नाही. बाहेर प्लास्टिकचा लेप दिलेले कापड आणि आत स्वयंपाकाची वाफ असली, तर त्या कापडाच्या आतल्या बाजूला पाणी सुटते आणि दोन हिवाळ्यांत जाळीच्या खालच्या कडेला बुरशी येते. म्हणून बाष्परोधक पडदा आतल्या, उबदार बाजूला लावा, त्याच्या बाहेर लोकर, आणि लोकर व बाहेरचे कापड यांच्यामध्ये हवा खेळेल अशी दोन-तीन सेंटीमीटरची पोकळी ठेवा. न्हाणी, शौचालय आणि स्वयंपाकघर यांसाठी शेजारी एक छोटी, साध्या भिंतींची खोली बांधावी असे मी सुचवेन. नळ आणि वीज त्या सरळ भिंतींतून नेता येतात, वाफ युर्तबाहेर राहते आणि अधिकाऱ्यालाही तेवढा भाग ओळखीचा वाटतो. दोहोंमधला जोड मात्र लवचीक ठेवा, कारण युर्त वाऱ्यात थोडा हलतो आणि त्याला तसे हलू द्यायला हवे.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. नमदा टिकेल, पण बाहेरचे आवरण म्हणून नव्हे, तर वरून प्रमाणित कापड असलेला आतला थर म्हणून. जाळी टिकेल, फक्त तिच्यावरचे ओझे खुंट्या घेतील. कडे काढून त्याजागी प्लास्टिकचा घुमट बसवण्याचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल; तो लगेच स्वीकारू नका. किर्गीझस्तानच्या राष्ट्रध्वजावर हेच कडे आहे. युर्त बनवण्याच्या मंगोल, किर्गीझ आणि कझाख कारागिरीला युनेस्कोने २०१३ आणि २०१४ मध्ये आपल्या वारसा यादीत स्थान दिले. आणि रचनेच्या दृष्टीने पाहता, अखंड, चांगल्या लाकडाचे कडे दाब उत्तम घेते. त्याच्या लाकडाची जात आणि मापे अभियंत्याला द्या, सांधे तपासून घ्या आणि त्याच्या वर, वेगळ्या चौकटीत, मजबूत काचेचे उघडता येणारे झाकण बसवा. मग पाऊस बाहेर राहील, आकाश आत येईल आणि खालून पाहणाऱ्याला कडे जसेच्या तसे दिसेल. अर्ज पुन्हा देण्यापूर्वी केबलचा अखंड मार्ग, काटछेदातील उंची आणि कड्यापासून पायापर्यंतचे जोड दाखवणारी तीन चित्रे घेऊन अधिकाऱ्याची एकदा भेट घ्या, आणि पर्यायी पद्धतीच्या कलमाखाली त्यांना नेमका कोणता पुरावा पुरेसा वाटेल हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या.